'प्रेम रोग' आला तेव्हा पद्मिनीला सतरावं पूर्ण नव्हतं झालं

मास्तरीण_अंजनगाव

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात नातीसोबत टीव्हीवर 'प्रेम रोग' पाहिला. मध्येच ती म्हणाली, "आजी, ही तर कॉलेजातली पण नाही वाटत." मी मनात हिशेब मांडला. पद्मिनी कोल्हापुरेचा जन्म १ नोव्हेंबर १९६५चा, चित्रपट जुलै १९८२चा. म्हणजे विधवेचं पांढरं लुगडं नेसून ती पडद्यावर आली तेव्हा तिला सतरावं पूर्ण व्हायचं होतं. तीन रात्री हा हिशेब डोक्यातून गेला नाही, म्हणून हा धागा.

मी तिच्याहून एका वर्षानं लहान. आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळ, पानमळ्यांचं. तिला पहिल्यांदा पाहिलं ते 'सत्यम् शिवम् सुंदरम्'मध्ये. १९७८चा चित्रपट, आमच्याकडे पोचायला दीड वर्ष लागलं. मोठेपणीची रूपा झीनत अमान, आणि लहानपणीची, जिचा चेहरा भाजतो ती, पद्मिनी. 'यशोमती मैया से' गाणारी ती परकरातली पोर पाहून आम्ही मैत्रिणी घरी येऊन देवघरासमोर तशाच बसायचो, मान तश्शीच वाकडी करून.

त्याआधी ती काय करत होती हे मला फार उशिरा कळलं. १९७४च्या 'इश्क इश्क इश्क'मध्ये देव आनंदनं तिला घेतलं, नाव आशाताईंनी सुचवलेलं. १९७७च्या 'ड्रीम गर्ल'मध्ये हेमामालिनीसोबत. त्या काळी हिंदी सिनेमात 'नायिकेचं बालपण' अशी एक ठरलेली जागा असायची. दहा मिनिटं पोर रडायची, मग झोका वर जायचा आणि खाली येताना नायिका मोठी झालेली असायची. बहुतेक पोरी त्या झोक्यावरच हरवल्या. ही हरवली नाही. १९८०ला 'इन्साफ का तराजू', 'गहराई', १९८१ला 'आहिस्ता आहिस्ता' आणि 'जमाने को दिखाना है', १९८२ला 'प्रेम रोग'. दोन वर्षांत बालकलाकाराची नायिका. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक पंधराव्या वर्षी आणि मुख्य अभिनेत्रीचं सतराव्या.

मला तिच्या कौतुकाइतकंच तिच्याकडून काय काय करून घेतलं गेलं त्याबद्दल बोलायचं आहे. ज्यांनी ते चित्रपट तेव्हा, आपल्याकडे, तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिले त्यांनी लिहावं. त्या वेळी कसं वाटलं ते हवंय.

रीळवाला_परतवाडा

ताई, मी लिहितो. मी १९७९ ते ८६ टूरिंग टॉकीजवर होतो. आधी पोऱ्या, मग ऑपरेटरचा मदतनीस. बहिरमची यात्रा म्हणजे आमचा हंगाम. २० डिसेंबरपासून जानेवारीभर सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्काम. एकीकडे हंडीतल्या मटणाचा धूर, एकीकडे आमचा जनरेटर.

नवीन पोरांना सांगतो. विदर्भ मुंबई सर्किटात नव्हताच. सर्किट म्हणजे सिनेमा वाटपाचा विभाग. आपण सी.पी.-बेरार सर्किटात, म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, आणि वितरकांच्या पेढ्या अमरावतीले. आधी शहरात सिनेमा पिकायचा, मग तालुक्यात, मग घासलेली प्रिंट आमच्या पेटीत. म्हणून ताईले दीड वर्ष लागलं. आमच्याकडं एकच प्रोजेक्टर. रीळ संपलं की दिवा लावायचा, दुसरं चढवायचं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कोणाचं लेकरू रडायचं, पुरुषांच्या बाजूनं बिड्या पेटायच्या. मध्ये फक्त दोर बांधलेला.

'इन्साफ का तराजू' आम्ही लावला १९८१च्या यात्रेत. झीनतचा सिनेमा म्हणून मालकानं आणला, पोस्टरवर तीच. लहान बहिणीचं काम या पोरीचं. तिच्यावर अत्याचार होतो तो भाग आला अन् पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या पडल्या. मी मशीनजवळ होतो, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सरकवत. माझ्या हातानं तो उजेड पडद्यावर चालला होता आणि लोक शिट्ट्या मारून राहिले होते. दोराच्या पलीकडे सात-आठ बाया उठल्या, पदर तोंडाले लावला आणि लेकरं उचलून अंधारातून बाहेर गेल्या. एकीनं जाता जाता आमच्या मशीनकडं पाहिलं. चाळीस वर्षं झाली, ते पाहणं मले आजही दिसते. दुसऱ्या रात्री मी मालकाले म्हटलं, तेवढं रीळ कापून लावू. तो म्हणाला, लोक पैसे परत मागतील.

शूटिंगच्या वेळी ते पोर चौदा वर्षांचं होतं हे मले आज तुमच्या हिशेबानं कळलं.

गाणेवेडा_वर्धा

मास्तरीणबाई, एक बाजू राहिली. ही मुलगी अभिनयात यायच्या आधी गात होती. १९७३च्या 'यादों की बारात'चं शीर्षकगीत आठवा, मुलांचं. लताबाईंसोबतचे कोवळे आवाज शिवांगी आणि पद्मिनी या कोल्हापुरे बहिणींचे आहेत. पद्मिनी तेव्हा आठाचीही नव्हती. मग १९७७च्या 'किताब'मध्ये 'मास्टरजी की आ गई चिट्ठी', तेही या दोघींचंच. पंचमनी, म्हणजे आर. डी. बर्मननी, बाकं बडवून केलेलं ते गाणं आमच्या जिल्हा परिषद शाळेत प्रत्येक वर्गानं बडवलं आहे.

घरच तसं. वडील पंढरीनाथ कोल्हापुरे गायक आणि वीणावादक. आजोबा कृष्णराव कोल्हापुरे म्हणजे दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीतले. पंढरीनाथांच्या आई दीनानाथांच्या सावत्र बहीण, म्हणजे लता-आशा पद्मिनीच्या नात्यानं आत्याच. आशाबाईंनी देव आनंदला नाव सुचवलं ते भाचीचं.

माझं एक मत आहे, पटतं का बघा. तिच्या संवादात जो ठहराव आहे तो गाण्याच्या घरातला आहे. वाक्याच्या शेवटी ती श्वास तोडत नाही, खाली ठेवते. 'प्रेम रोग'चा दुसरा अर्धा भाग डोळे मिटून ऐका. बाकीची मंडळी मोठ्यानं बोलतात, ही हळू बोलते, आणि ऐकू हिचंच येतं.

पऱ्हाटी_९९

मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तिनं सेटवर आलेल्या प्रिन्स चार्ल्सच्या गालाचा मुका घेतला होता. यूट्यूबवर तेच येतं. बाकी आमच्यासाठी लहान वयात स्टार म्हणजे आर्ची. २०१६ला 'सैराट' आला तेव्हा मी सातवीत होतो, आमच्या दिग्रसच्या टॉकीजमध्ये पोरं नाचत होती. रिंकू राजगुरूला ते पाहायलाही लपून जावं लागत असेल, एवढी गर्दी व्हायची. पण तिच्या आई-वडिलांचं नाव सतत यायचं, शाळेचं नाव यायचं, दहावीचे मार्क यायचे. पद्मिनीच्या वेळी शाळेचं कोणी विचारत होतं का?

मास्तरीण_अंजनगाव

पऱ्हाटी, त्या मुक्याची बातमी खरी आहे, १९८०ची, 'आहिस्ता आहिस्ता'च्या सेटवरची. पण बघ ना बेटा, त्याच वर्षी तिनं दोन अशी कामं केली की मोठमोठ्या नट्यांनी नाही म्हटलं असतं, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो मुका. मला त्याचा राग येतो.

शाळेबद्दल तू विचारलंस ते अगदी बरोबर. १९८०मध्ये सेटवर मुलांनी किती तास काम करावं याचा कायदाच नव्हता. बालकामगारांचा कायदा १९८६चा. मी शिक्षिका होते, पंधरा वर्षांच्या मुली रोज समोर बसायच्या. त्यांना फळ्यासमोर उभं करून मोठ्यानं वाचायला सांगितलं तरी कानशिलं लाल व्हायची. त्या वयाच्या मुलीला पन्नास माणसांसमोर, दिव्यांच्या उजेडात...

रीळवालाभाऊ, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या उठलेल्या बायकांत माझी मोठी मावशी असू शकते. ती त्या साली बहिरमला होती आणि सिनेमाचं नाव काढलं की गप्प व्हायची.

झाडीची_पोर

मी वडशाची. म्हणजे कागदावर देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. झाडीपट्टीची नाटकं आमच्याकडूनच निघतात. धान कापून झाले, दिवाळी झाली की कंपन्या सुरू होतात ते होळीपर्यंत. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक पाहिजेच. मी दहाव्या वर्षी स्टेजवर उभी राहिली. सावत्र आईनं छळलेली पोर, दर नाटकात तीच. रात्री दहा-अकराला पडदा उघडायचा, पहाटे कोंबडा आरवला की संपायचं. दुसऱ्या प्रवेशात माझं काम, मग मी पेटाऱ्यावर झोपायची, आणि शेवटच्या प्रवेशाला आई तोंडावर पाणी मारून उठवायची.

म्हणून सांगते, लहान पोरीला रडायला शिकवावं लागत नाही. तिला फक्त आठवण करून द्यावी लागते. आमचे दिग्दर्शक चांगले होते, तरी पडदा उघडायच्या आधी कानात म्हणायचे, "तुझी आजी मेली ते आठव." प्रेक्षक वन्समोर द्यायचे आणि मला खरंच आजी आठवायची. पद्मिनीच्या कानात कोण काय म्हणत असेल हे मला 'इन्साफ का तराजू' पाहताना सारखं वाटत होतं.

आणि अजून एक, जे या धाग्यावर कुणीतरी लिहायलाच पाहिजे. तो सिनेमा १९८०चा. त्याच वर्षी देशभर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या त्या मथुरा प्रकरणासाठी. मथुरा हे मुलीचं नाव. ती आदिवासी मुलगी आमच्याकडची. २६ मार्च १९७२च्या रात्री ज्या पोलीस ठाण्यात पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला ते देसाईगंजचं. ती तेव्हा चौदा ते सोळाच्या दरम्यानची होती. खालच्या कोर्टानं पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, त्यातून आंदोलन पेटलं आणि १९८३ला कायदा बदलला.

सिनेमातही कोर्टात तेच होतं. आधी मोठ्या बहिणीवर कुणी विश्वास ठेवत नाही, मग लहानीवर पाळी येते. मुंबईत तो सिनेमा पाहून लोक चर्चा करत होते. आमच्या वडशात त्या काळच्या बाया सांगतात की त्यांनी तो पाहिलाच नाही. त्यांना पाहायची गरज नव्हती.

मास्तरीण_अंजनगाव

पोरी, हे लिहिलंस, फार मोठं काम केलंस. मथुरा प्रकरण आम्ही डी.एड.ला असताना वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण त्या सिनेमाशेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

पुलगावकर

'गहराई'बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अरुणा राजे आणि विकास देसाईंचा चित्रपट. डॉ. लागू वडील, अनंत नाग भाऊ. वडील गावची जमीन विकतात आणि घरातली शाळकरी मुलगी वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. पद्मिनीचं ते काम मी तिच्या सगळ्या कामांत वर ठेवतो. आधीची लाजरी पोर आणि नंतरची ती नजर. मेकअप नाही, काही नाही, फक्त पापणी हलत नाही.

पण मला तो सिनेमा वेगळ्या कारणानं छळतो. १९८२ला श्याम मानवांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, केंद्र नागपूर. मी कॉलेजातून तिकडे ओढला गेलो. भानामतीच्या केसेसवर आम्ही आर्वी, कारंजा, पांढरकवड्याकडे जायचो. दोरीवरचे कपडे पेटतात, ताटात राख पडते, डोळ्यातून खडे निघतात. घरातल्या एकेका माणसाशी वेगळं बसून बोललं की बहुतेक वेळा उलगडा एकाच ठिकाणी व्हायचा. बारा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा नवी सून, जिचं त्या घरात कोणीच ऐकत नाही. कोणाची शाळा बंद केलेली, कोणाला मारहाण. आम्ही नाव न फोडता तिचं दुखणं सोडवायचो आणि भानामती थांबायची. सिनेमात मांत्रिकांची रांग लागते. बापानं लेकीशेजारी बसून "काय झालं गं?" म्हणून विचारावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं. त्या कामासाठी पद्मिनीकडून पडद्यावर जे करून घेतलं, त्यातलं एक दृश्य चौदा वर्षांच्या मुलीकडून करून घ्यायला नको होतं. दिग्दर्शक कितीही मोठे असोत. यावर माझं मत बदलणार नाही.

गाणेवेडा_वर्धा

पुलगावकर, थोडं असहमत. ती भूमिका मोठ्या नटीनं केली असती तर खोटी वाटली असती. काम तिचंच. दृश्याबद्दल मात्र तुमच्या बाजूनं आहे, ते वगळूनही चित्रपट उभा राहतो.

आर्वीची_आई

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहिते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आमच्या भागात एका सिनेमाचं शूटिंग होणार आहे, शाळेतून चार मुली निवडल्या, त्यात ती. 'नाळ'मधल्या अमरावतीच्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हापासून इकडे सगळ्यांनाच वाटतं आपलं लेकरू पडद्यावर दिसावं. यांनाही वाटतं. तेरा दिवसांचं काम सांगितलं आहे. हा धागा वाचून मला रात्री झोप नाही. काय विचारावं त्यांना?

झाडीची_पोर

ताई, हे लिहून ठेवा. २०१७च्या नियमांप्रमाणे मुलांना घ्यायचं तर निर्मात्यानं त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. लागोपाठ सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडणार नाही याची सोय त्यांनी करायची. मिळणाऱ्या पैशातले निदान वीस टक्के मुलीच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. तिच्या नावानं, तुमच्या यांच्या नावानं नाही.

आणि एक कायद्यात नसलेलं. तिचा प्रवेश काय आहे तो आधी मागा, पूर्ण. रडायचा असेल तर कशावर रडायचं ते आधी विचारा.

रीळवाला_परतवाडा

मास्तरीणताई, तुम्ही 'प्रेम रोग'वर काहीच नाही लिहिलं अजून. धागा त्याच्यावरून काढला. तो आमच्या तंबूत १९८४च्या जानेवारीत लागला होता, चार रात्री. 'ये गलियाँ ये चौबारा'चं रीळ पुन्हा लावा म्हणून बायकांनी लय लावून धरलं. डिझेल कमी होतं म्हणून मालकानं नाही लावलं. पुढं दोन वर्षं कोणत्याही लग्नात नवरी निघाली की बँडवाले तेच वाजवत होते.

मास्तरीण_अंजनगाव

भाऊ, मग तो तुमचाच तंबू होता.

मी सतरा वर्षांची, बारावीला. पौषात बोलणी होऊन अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला होता. अठराची अट कायद्यात १९७८लाच आली होती, पण आमच्या गावात ती कोणाच्या तोंडून ऐकली नाही. बहिरमला नवस फेडायला आम्ही बंडीनं गेलो. रोडगे झाले, आणि रात्री बाबांनी बायकांना सिनेमाची परवानगी दिली. सोबत माझी काकू. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे, लग्नात ती चुलीपाशी. देवाची यात्रा म्हणून तेवढी यायची.

पडद्यावर मनोरमा लग्न होऊन जाते, लगेच नवरा मरतो. मग सासरी थोरल्या दिरानं केलेला अत्याचार, मग माहेरी परत. ती मागच्या खोलीत जमिनीवर बसलेली असते ते मला अजून दिसतं. गाणेवेडांनी लिहिलं ना, हळू बोलते. माझी काकूही तशीच बोलायची. मी अंधारात काकूकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पडद्याकडे असं बघत होती जसं कुणी ओळखीचं दूर रस्त्यानं जाताना दिसावं.

परतताना बंडीत तिनं एवढंच विचारलं, "थे पोरगी केवढी असन वं?"

मी म्हटलं, "माह्याएवढीच असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओसरीत बसले होते. बाबा तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यांच्याशी ती अकरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. ती दाराआड उभी राहिली आणि आईला म्हणाली, पण बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बाई, त्याईले म्हणा, पोरीची बारावी होऊ द्या. मंग तिचं डी.एड. होऊ द्या. मी कापूस वेचून पैसे देतो."

घरात दोन महिने कोणी तिच्याशी धड बोललं नाही. स्थळवाले थांबले नाहीत. त्या वर्षी कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, सरकारच्या एकाधिकार खरेदी केंद्रातून उशिरा आला, पण आला, आणि काकूनं तिचा वाटा खरंच माझ्या फीसाठी दिला. १९८६ला मी नोकरीला लागले.

मी पद्मिनीला पत्र लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही. तिला काय सांगणार होते, की तुमच्याकडून त्या वयात जे करून घेतलं त्यानं मला वाचवलं? ते खरं आहे, आणि तिच्याकडून तितकं मागायला नको होतं हेही मला खरंच वाटतं. दोन्ही मला एकदम वाटतं, आणि त्यातलं एक सोडता येत नाही.

पऱ्हाटी_९९

काकू आहेत का आता?

मास्तरीण_अंजनगाव

२००९ला गेल्या. माझ्याच घरी होत्या, शेवटची बारा वर्षं. हिरवं पातळ नेसायच्या.

आर्वीची_आई

सगळ्यांना कळवते. मी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद मागितला आणि प्रवेश लिहून मागितला. ते म्हणाले, बाकी तिघींच्या घरचे असं काही मागत नाहीत. मी म्हटलं, मग मी त्यांनाही सांगते मागायला. सांगितलंही. आठ दिवसांनी कागद आला. प्रवेशही आला, दोन पानं. विहिरीवर पाणी भरताना कळशी फुटते आणि ती आजीला खोटं सांगते, एवढाच. रडायचं नाही. मी रोज तिच्याजवळ बसणार आहे, तसं लिहून घेतलं. फक्त ती घाबरली आहे, घरी म्हणून दाखव म्हटलं तर पुटपुटते.

मास्तरीण_अंजनगाव

ते दोन पानं मला पाठवा. रविवारी मी एस.टी.नं आर्वीला येते. पोरीला म्हणावं, घरात एखादी जुनी फुटकी कळशी असेल तर काढून ठेव.